माझी ताई आणि शाळेतले सात बुधवार

माझी ताई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम आहे. खातं तळघरात आहे. वरच्या सात मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, शस्त्रक्रियेच्या वेळचे हिरवे डगले, सगळं ढकलगाड्यांमधून तिच्यापुढे येऊन पडतं. कुठला डाग थंड पाण्यात घालायचा आणि कुठला गरम पाण्यात, हे ती लांबून बघून सांगते. रक्ताला गरम पाणी दाखवलं की ते कायमचं घर करून बसतं, हे मला तिच्यामुळेच माहीत. चादरींच्या गठ्ठ्यांतून चमचे निघतात, घड्याळं निघतात, एकदा तर अख्खी कवळी निघाली होती. ती कवळी रुमालात गुंडाळून ताई एकेक वॉर्ड फिरली आणि चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांच्या तोंडात ती परत गेल्यावरच जेवायला बसली.

आमची आई गेली तेव्हा ताई अठराची होती आणि मी अकराचा. मला तिनेच वाढवलं. तेव्हा तिच्याबद्दल बोलताना माझी छाती जरा जास्तच फुगते, तेवढं चालवून घ्या. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि ताईच्याच घरी पुढच्या खोलीत राहतो. भाऊजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी असतात. आणि घरात खरं राज्य असतं ते माझ्या भाचीचं. चालता चालता मध्येच गिरकी घ्यायची सवय, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं.

मी सांगतोय ते घडलं तेव्हा भिंगरी नऊ वर्षांची होती, चौथीत.

एका रविवारी सकाळी ती दूध प्यायला बसली आणि बाहीतून हात बाहेरच काढेना. कप बाहीनेच धरला. ताईने काही न बोलता बाह्या वर सारल्या. बोटांची पेरं लाल झाली होती, कातडी फुटून बारीक भेगा पडल्या होत्या.

"थंडीनं झालंय," भिंगरी म्हणाली.

ताईने एवढंच म्हटलं, "हं." मला आश्चर्य वाटलं. नंतर मोरीत मला साबणाची वडी दाखवून ती हळूच म्हणाली, "चार दिवसांत एवढीशी राहिली. आणि ते हात बघितलेस? आमच्या खात्यात नवी बाई लागली की पहिल्या महिन्यात तिचे हात असे होतात. शाळेत जाणाऱ्या पोरीचे कसे झाले?"

"विचार की तिला!"

"विचारीन. समोर बसवून विचारलं तर थंडीच सांगेल."

दुपारी दोरीवरच्या चादरी काढून आणल्या. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. एक टोक ताईकडे, दुसरं भिंगरीकडे. ताणायची, जुळवायची, जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. तिसऱ्या चादरीला ताईने सहज विचारावं तसं विचारलं, "शाळेत नळाजवळ साबण असतो का गं?"

"असतो. पण तो संपतो. म्हणून मी घरून नेते."

"मग?"

मग एकेक बाहेर येऊ लागलं. तीन आठवड्यांपूर्वी वर्गात बाईंनी सगळ्यांना विचारलं होतं, घरची माणसं काय काम करतात. भिंगरी उभी राहून मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "माझी आई इस्पितळातल्या कपड्यांवरचं रक्त काढते." वर्ग हसला. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाच्या मॉनिटर मुलीने एक खेळ काढला. भिंगरीला ज्याचा धक्का लागेल त्याला 'लागण' झाली. त्याने धावत जाऊन ती दुसऱ्याला पुसायची आणि ओरडायचं, "लागण! लागण!" दोन दिवसांत अख्खा वर्ग खेळू लागला. तिची वही कोणी हातात घेईना, पट्टीने ढकलायचे. तिच्या बाकावर कोणी बसेना. म्हणून ती प्रत्येक तासाआधी नळावर जाऊन हात धुवायची, सगळ्यांना दिसतील असे.

ताईने चादरीचं टोक सोडलं नाही. मध्ये मध्ये फक्त "मग?" एवढंच म्हणत होती. मला मात्र राहवेना. मी ओरडलो, "कोण ती मॉनिटर? नाव सांग मला, कानच उपटतो तिचा!"

भिंगरीचं तोंड गपकन मिटलं.

"जा, दूध घेऊन ये," ताई मला म्हणाली.

"दूध आहे घरात."

"मग अजून आण."

मी दारापर्यंत गेलो आणि तिथेच रेंगाळलो, त्यामुळे पुढचं ऐकलं. भिंगरी म्हणत होती, "तू शाळेत येऊ नकोस हं, आई. तुला बघून ते अजून बोलतील." थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "आई, तू दुसरं काम करशील?"

ताईने चादर बाजूला ठेवली, पोरीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "याचं उत्तर मी विचार करून देते. पण आत्ता दोन गोष्टी ऐक. तू मला सांगितलंस, फार बरं केलंस. आणि यात तुझं काहीएक चुकलेलं नाही. हे हात स्वच्छ आहेत. पहिल्यापासूनच होते." मग तिने मलमाची डबी आणली आणि एकेका बोटाला मलम लावत बसली.

भिंगरी खेळायला गेल्यावर ताई ओट्याला टेकून उभी राहिली. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे पोर एकटी हे ओढत होती. का, तर मला वाईट वाटू नये म्हणून."

आता माझ्या पराक्रमाचं सांगतो. सोमवारी भिंगरीला शाळेत सोडायला मी गेलो. वाटेत तिला पढवलं, "पुन्हा कोणी लागण-बिगण म्हणालं तर सरळ ढकलून दे. एकदा पडली की परत वाटेला जाणार नाही." पोरगी मामाचं ऐकणारी. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिने मॉनिटरला नळापाशी ढकललं. मॉनिटरचं कोपर खरचटलं. बाईंनी पाहिलं ते तेवढंच. भिंगरीच्या डायरीत लाल शाईने शेरा आला: पालकांनी भेटावे.

मी ताईपुढे जाऊन सगळं कबूल केलं. वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. ती डायरी बघत राहिली आणि म्हणाली, "तू काचा बसव, बाबा. माणसं बसवायला जाऊ नकोस."

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. त्यांचं म्हणणं एका वाक्यात: शाळा बदलून टाकू, कशाला डोकेदुखी. ताई म्हणाली, "बदलायचीच वेळ आली तर बदलू. पण आधी तिला तर विचारू दे, जायचं तिला आहे." तिने विचारलं. भिंगरी म्हणाली, "मला शाळा आवडते. फक्त मधली सुट्टी आवडत नाही."

भाऊजी म्हणाले, "तू म्हणशील ते खरं. मी रोज संध्याकाळी तिला फोन करीन." आणि त्यांनी तो शब्द पाळला. गाडी रस्त्याकडेला लावून ते रोज दहा मिनिटं पोरीला गाडीत काय माल आहे ते सांगायचे.

शाळेत जायचं तर होतंच. ताईने त्यासाठीही पोरीची परवानगी काढली. "मला बोलावलंय तर जावं लागेल. पण तिथे काय बोलायचं आणि काय नाही, ते तू ठरव." दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. काय काय झालं, कधी, कुठे, हे भिंगरीने सांगितलं आणि ताईने लिहिलं. ताई आठवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर मोत्यासारखं. खाली भिंगरीच्या तीन अटी लिहिल्या: ओरडायचं नाही. मला वर्गात उभं करायचं नाही. मॉनिटरच्या आईला फाटकापाशी गाठायचं नाही.

"मान्य," ताई म्हणाली आणि खाली सही केली.

बुधवारी अडीचची वेळ मिळाली. तोंड उघडणार नाही या बोलीवर मला बरोबर नेलं. ताई कामावरून थेट आली, अंगावर खात्याचा राखाडी डगला. मी म्हटलं, "अगं, निदान कपडे तरी बदलायचे."

"दोनला ड्यूटी सुटते, बदलू कधी? आणि कपडे स्वच्छ आहेत. माझ्याइतके स्वच्छ कपडे या शाळेत कोणाच्या अंगावर नसतील."

वर्गशिक्षिका तरुण होत्या, समोर वह्यांचा डोंगर, डोळे थकलेले. ताईने सुरुवात केली ती अशी, "माझ्या मुलीने ढकललं, ते चूकच. तिने घरी कबूल केलंय, ती माफी मागेल. तिला तसं करायला सांगणारा हा इथे बसलाय, त्याचीही माफी समजा." मी मान खाली घातली. मग तिने कागद पुढे सरकवला.

बाईंनी तो वाचला. "अहो, मुलांचे खेळ असतात हे. आणि खरं सांगू, मी स्वतः असं काही पाहिलेलं नाही."

"तुमच्यासमोर करत नाहीत, मग दिसणार कसं? तुम्हाला दोष देत नाही मी," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा. "पण बाई, खेळ म्हटला की राज्य सगळ्यांवर येतं. माझ्या मुलीवर एकटीवर तीन आठवडे आहे."

बाईंनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. तो कागद पुन्हा वाचला, या वेळी सावकाश.

एवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि तडकाफडकी निकाल दिला, "त्या मुलीला उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावते."

माझ्या मनाला गुदगुल्या झाल्या. ताई म्हणाली, "नको. सगळ्यांसमोर नको. तीसुद्धा नऊ वर्षांचीच आहे. तिच्याशी बोला, तिच्या घरच्यांशी बोला, पण दार लावून. मला एवढंच हवंय की हे थांबावं. सुट्टीत नळापाशी कोणी मोठं माणूस उभं राहील का? आणि पुन्हा काही झालं तर माझ्या मुलीने नेमकं कोणाकडे जायचं, ते आज ठरवाल का?"

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे यावं. नळापाशी मीच उभी राहीन."

"पुढच्या बुधवारी मी येते. पाचच मिनिटं. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, घरी काय दिसलं ते मी सांगते."

निघताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्हीच का येत नाही वर्गात, तुमच्या कामाबद्दल सांगायला? मुलांना कळेल तरी." ताईचे डोळे चमकले. डागांवर तर ती तासभर न थांबता बोलेल. तरी म्हणाली, "मुलीला विचारून सांगते."

भिंगरी नाही म्हणाली. ताईने दुसऱ्या बुधवारी तसं कळवून टाकलं. मला हळहळ वाटली. मी म्हटलं, "अगं, तू एकदा बोलली असतीस तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

"मला मिरवायचंय, की तिची मधली सुट्टी सुधारायचीय?"



ताईने पोरीच्या त्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. चार दिवस घेतले, पण दिलं. "मी दुसरं काम करणार नाही. हे मला येतं आणि मला आवडतं. मात्र माझ्या कामाबद्दल कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तुझं तू ठरव. मला राग येणार नाही." आणि साहेबांची परवानगी काढून एका शनिवारी तिला खातं दाखवायला नेलं. चुरगळलेली ओली चादर इस्त्रीच्या मोठ्या रुळाखाली जाते आणि पलीकडून गरमागरम, ताठ बाहेर येते, ते बघून भिंगरी हरखून गेली. तिथल्या बायका आपल्या आईला "मुकादमबाई" म्हणतात आणि कोणाला काही अडलं की तिच्याकडेच बघतात, हे तिने घरी येऊन मला दोनदा सांगितलं.

आता असं नका समजू की लगेच सगळं सरळ झालं. पहिला आठवडा उलट वाईट गेला. बाई नळापाशी उभ्या राहू लागल्या, तसा तो खेळ गुपचूप चालू झाला. मुलं ओरडेनाशी झाली, नुसती बोटं झटकू लागली. भिंगरी घरी येऊन दप्तर फेकून देत म्हणाली, "तुझ्या जाण्याचा काय उपयोग झाला?" ताईला ते लागलं. मला दिसलं. पण ती म्हणाली, "अजून नाही झाला, बरोबर आहे. बोटं कशी झटकतात ते मला दाखव, म्हणजे मी बाईंना दाखवीन." आणि दुसऱ्या बुधवारी माझ्या ताईने, त्या राखाडी डगल्यात, स्टाफरूममध्ये उभं राहून बाईंना बोटं झटकून दाखवली. त्यानंतर बाईंना ते दिसू लागलं. त्यांनी मॉनिटरच्या आई-वडिलांना बोलावलं, बाकांची जागा बदलली, दर तासाला नव्या जोड्या लावल्या.

घरी ताई "आज कोणी छळलं का?" असं विचारायची नाही. "आज सुट्टीत कुठे होतीस?" असं विचारायची. आधी उत्तर यायचं, "नळापाशी." मग "वाचनालयात." मग एक दिवस, "झाडाखाली, आम्ही चौघी होतो." साबणाची वडी पुन्हा महिनाभर पुरू लागली.

सहाव्या बुधवारी आम्ही गेलो तर बाई आमची वाटच बघत होत्या. सोमवारी वर्गात एक नवी मुलगी आली होती. तिच्या दोन्ही हातांवर पांढरे चट्टे होते. मधल्या सुट्टीत कोणीतरी बोटं झटकली, कोणीतरी पुटपुटलं, "लागण." ती मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली. बाई वीस पावलांवर होत्या. त्या निघणार तोच भिंगरी डबा खाली ठेवून उठली, त्या मुलीकडे गेली आणि तिचा हात धरला. चांगला घट्ट. मग वळून सगळ्यांना म्हणाली, "घ्या. आता माझ्यावर राज्य. कोणाला खेळायचंय?"

"कोणी हललं नाही," बाई सांगत होत्या. "मग झाडाखालची एक मुलगी उठली आणि तिने त्या मुलीचा दुसरा हात धरला. मी मुद्दामच पुढे गेले नाही." बाईंचा आवाज जरा ओला झाला होता.

ताई शांतपणे "बरं" म्हणाली, आभार मानले, बाहेर आली. फाटकापाशी थांबली.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"परत सांग. अगदी पहिल्यापासून."

मी सांगितलं. पुढच्या चौकात तिने पुन्हा सांगायला लावलं. जिन्यात तिसऱ्यांदा. आणि घरात पाऊल टाकल्यावर भिंगरीला काय म्हणाली? "आज बाई भेटल्या. मला तुझा फार अभिमान वाटला." बस्स, एवढंच. पोरगी लाजली आणि गिरकी घेऊन आत पळाली. संध्याकाळी भाऊजींच्या फोनवर मात्र ताईने तेच सगळं हातवारे करून सांगितलं, आणि फोनवरून हातवारे दिसत नाहीत हे तिच्या लक्षातही नव्हतं. पलीकडून भाऊजींनी चार वेळा हॉर्न वाजवला.

सातव्या बुधवारी बाईंनीच सांगितलं, आता दर आठवड्याला यायची गरज नाही. मॉनिटरने तो खेळ मुळात का काढला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तिने दार लावून माफी मागितली, भिंगरीनेही ढकलल्याबद्दल मागितली. दोघींची मैत्री काही झाली नाही. समोरासमोर आल्या तर एकमेकींना वाट देतात, आणि भिंगरीच्या मते तेवढं पुरे.

याला पाच वर्षं झाली. खात्यात ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे, पण आता कोणाच्या पोराला शाळेत त्रास झाला की तो माणूस ताईकडे येतो. गेल्या वर्षी ढकलगाड्या नेणारा एक जण आला, दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा मोठा गडी. त्याच्या मुलाला वरच्या वर्गातली मुलं रोज संडासात कोंडायची. तो निघाला होता त्यांची हाडं मोडायला. ताईने त्याला बसवलं, मुलाला काय हवंय ते आधी विचारायला लावलं, कागद लिहून घेतला आणि त्याच्यासोबत शाळेत गेली. एकदा नाही, आठ वेळा. त्या शाळेने काही केलं नाही. शिक्षण विभागाच्या कार्यालयात अर्ज दिला, तिथूनही नुसतं बघतो-करतो चाललं. तेव्हा ताईच म्हणाली, "आता शाळा बदला. आणि मुलाला सांगा, आपण पळालो नाही. आपण आठ वेळा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, म्हणून आपण ती शाळा सोडली."

परवा तो गडी माझ्या दुकानात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आला होता. मुलगा नव्या शाळेत रमलाय, कबड्डीच्या संघात आहे, म्हणाला. मग म्हणाला, "त्या जुन्या शाळेत तुमची ताई माझ्या बाजूला बसून बोलत होती ना, तेव्हा पोरगा माझा हात सोडून तिच्या खुर्चीला टेकून उभा राहिला. मी एवढा धिप्पाड, आणि पोराला धीर वाटला तो तिचा."